खोटं वाटलं तिथे हात वर

शांतवन मास्तरांची आठवण निघाली की मला आधी त्यांचा चेहरा दिसत नाही, माझा स्वतःचा उजवा हात दिसतो. हे विचित्र आहे याची मला कल्पना आहे. पण मास्तरांबद्दल लिहायचं तर त्या हातापासून सुटका नाही, म्हणून ते सुरुवातीलाच सांगून टाकते.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. मी खोपोलीच्या एका दवाखान्यात नर्स होते, पंचविशीची, तोंडाने फटकळ. आमचं मिशन दर दोन-तीन वर्षांनी तरुणांची एक तुकडी परदेशी पाठवायचं, तिकडच्या शाळकरी मुलांची सुट्टीतली शिबिरं घ्यायला. त्या वर्षी केनियाला जायचं होतं. आठ जणांत माझी निवड झाली तेव्हा आईने शेजारपाजारी पेढे वाटले. जायच्या आधी, एप्रिल-मे महिन्यात, कर्जतजवळ उल्हास नदीच्या काठी मिशनचं जे आवार होतं तिथे सहा आठवडे प्रशिक्षण असायचं. ते मास्तर द्यायचे.

मास्तर मूळचे नगरकडचे. उंच, खांद्यात वाकलेले, घोट्याच्या वर राहणारी पँट आणि पांढरे कापडी बूट. गळ्यात शिट्टी असायची, पण ती त्यांनी वाजवलेली मी कधी ऐकली नाही. बशीतून चहा प्यायचे आणि पिताना डोळे मिटायचे. बोलणं मोजकं. कुणी काहीही सांगो, उशीर का झाला, भात का करपला, स्वप्नात प्रभू कसा दिसला, मास्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं. मग?" या दोन शब्दांपुढे भल्याभल्यांची सबब उभी राहात नसे. तिसऱ्या दिवसापासून आम्ही एकमेकांना "बरं, मग?" म्हणायला लागलो. मास्तरांना ते ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

परदेशाची तयारी म्हणजे इंग्रजी गाणी आणि बाहुल्यांचे खेळ, अशी माझी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात दुपारच्या ताटात मक्याच्या पिठाचा उकडलेला घट्ट गोळा आला. मीठ नाही, तूप नाही. "तिकडं रोज हेच जेवण," मास्तर म्हणाले. "पोरं तुमच्या ताटाकडं बघतील. तोंड वाकडं केलंत तर पुढं बायबल उघडूच नका." आठवडाभर तोच गोळा. स्वयंपाकाला गावातल्या ठकूबाई होत्या, मास्तरांच्या वयाच्या. त्यांनाही तो गोळा करताना वाईट वाटायचं.

"मास्तरांना कसं ठाऊक, ठकूबाई?" मी विचारलं. "ते तर कधी गेलेच नाहीत तिकडे."

"त्यांची लेक सुवार्ता हाय ना तिकडं," ठकूबाई म्हणाल्या. "पयल्या तुकडीत गेलती, आठ वर्सं झाली. तिच्या पयल्या पत्रात व्हतं, कसा शिजवायचा त्ये. मला वाचून दावलं मास्तरांनी, दोन येळा."

"आणि नंतरच्या पत्रांत?"

ठकूबाईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि मला कांदे चिरायला बसवलं.

एके दिवशी मास्तरांनी आम्हाला माथेरानच्या उतारावरच्या एका वाडीत नेलं. तिथली बोली आम्हाला धड कळत नव्हती आणि आमची पुस्तकी मराठी त्यांना. मास्तरांना तेच हवं होतं. "तोंड बंद ठेवायचं. गोष्ट सांगायची." माझ्या वाट्याला हरवलेल्या मेंढराची गोष्ट आली. मी रडून दाखवलं, शोधून दाखवलं, कपाळावर हात मारून घेतला. पोरं खो खो हसत होती. एक सात-आठ वर्षांची मुलगी मात्र हसली नाही. ती उठली, माझं बोट धरून मला घरामागच्या बकऱ्यांपाशी घेऊन गेली आणि एकेका बकरीकडे बोट दाखवून माझ्या तोंडाकडे बघू लागली, यातली तुझी कुठली म्हणून. मागून मास्तर आले. "पोचली गोष्ट," एवढंच म्हणाले आणि त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

रविवारी जेवणानंतर पोस्टकार्डं. प्रत्येकाने घरी लिहायचंच. मजकूर ते वाचायचे नाहीत, पण लांबी बघायचे. दोन ओळींचं कार्ड दिसलं की परत. "नुसतं सुखरूप आहे, सुखरूप आहे. काय जेवलीस ते लिही. कुणाशी भांडलीस ते लिही. आईला काय करायचंय तुझ्या सुखरूपाशी?" एरवी शांत बोलणारा माणूस या बाबतीत आवाज चढवायचा. आम्हाला वाटायचं, वयाचा परिणाम.

पण मास्तरांचा खरा वर्ग भरायचा तो साक्षीचा. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्यात साक्ष म्हणजे आपल्या आयुष्यात देवाने काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. शिबिरात प्रत्येकाला तीन मिनिटांची साक्ष द्यावी लागायची. मी काय होते, काय घडलं, आता काय आहे. त्याचा सराव रोज संध्याकाळी आंब्याखाली. आणि नियम एकच. ऐकताना ज्याला जिथे खोटं वाटेल त्याने तिथे हात वर करायचा. कारण द्यायचं नाही, वाद घालायचा नाही. हात वर गेला की बोलणाऱ्याने थांबायचं आणि त्या जागेपासून पुन्हा सांगायचं, खरं सांगायचं.

योसेफ नावाचा पनवेलचा एक तरतरीत कारकून आमच्यात होता. त्याने पहिल्या दिवशी छातीवर हात ठेवून सुरुवात केली, "मी दारूच्या नरकात लोळत होतो." सात हात वर.

"किती प्यायलास?" मास्तरांनी विचारलं.

"एकदाच. मावसभावाच्या लग्नात. अर्धा ग्लास."

"बरं. मग?"

"मग ओकलो. नवरदेवाच्या बुटात."

"मग तेच सांग की."

हसून हसून आमची पोटं दुखली. पण गंमत अशी की अर्धा ग्लास आणि बूट आल्यावर योसेफची बाकीची साक्षही खरी वाटायला लागली. माझ्या साक्षीत चार ठिकाणी हात वर गेले होते. मी तेव्हा रडले होते आणि मास्तरांनी मला रडू दिलं होतं. सहा आठवड्यांत आमचे हात इतके तयार झाले की कुणी सकाळी "झोप छान लागली" म्हणालं तरी कुणाचा तरी हात वर जायचा.

स्वतःची साक्ष मास्तरांनी आम्हाला कधी ऐकवली नाही. ती आम्हाला ऐकून माहीत होती. सगळ्या मंडळ्यांत, म्हणजे आमच्या चर्चांत, ती गाजली होती, पाळक उपदेशात तिचा दाखला द्यायचे. मुलगी परदेशी प्रभूच्या कामावर असताना बायको गेली, पण या माणसाने मुलीला परत बोलावलं नाही, अशी ती साक्ष. आम्ही त्यांच्याकडे जरा भीतभीतच बघायचो ते त्यामुळे.

आणि त्या वर्षी मास्तर स्वतः जाणार होते. एवढ्या तुकड्या तयार करून पाठवल्या, पण आवार कोण बघणार म्हणून ते मागेच राहायचे. या वेळी मिशनच्या मुंबईतल्या कमिटीने त्यांनाच पुढारी नेमलं. सुवार्ता तिकडेच राहिली होती, तिथल्याच एका शिक्षकाशी लग्न करून, आणि तिची शाळा आमच्या शिबिरापासून तासाभराच्या अंतरावर होती. मास्तर हे बोलत नसत. पण पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलेला असायचा, आणि वाकताना ते खिशावर हात ठेवायचे. ठकूबाईंनी लिंबाचं गोड लोणचं घालून ठेवलं होतं, सुवार्ताला आवडायचं म्हणून. मास्तरांना जायचंय ते लेकीला भेटायला, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं.

मेच्या शेवटच्या शनिवारी कमिटी आली. पाच माणसं, मधे मोठे पाळकसाहेब. रिवाज असा की निघण्याआधी प्रत्येकाने कमिटीसमोर साक्ष द्यायची आणि पुढाऱ्याने सर्वांत शेवटी. आम्ही आठ जणांनी दिली. योसेफच्या बुटावर पाळकसाहेबसुद्धा हसले. हात कुणी वर केला नाही. पाहुण्यांसमोर तो करायचा असतो की नाही, हा विचारही कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

मग मास्तर उठले. हात मागे बांधून, खाली बघत बोलू लागले. पाठ असल्यासारखं बोलत होते. सुवार्ता पहिल्या तुकडीत गेली. तिसऱ्या आठवड्यात सगुणा, म्हणजे त्यांची बायको, तापाने अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी आशा सोडली. "सगुणा मला म्हणाली, पोरीला बोलावू नका. तिचं काम अर्ध्यावर टाकायला लावू नका."

आणि माझा हात वर गेला.

मी तो केला नाही, तो गेला. गुडघ्यावर डॉक्टरांनी हातोडी मारली की पाय उडतो ना, तसा. मी दवाखान्यात किती बायका शेवटच्या घटकेला पाहिल्या होत्या. शुद्ध असेपर्यंत त्या लेकरालाच विचारतात. आलं का, निघालं का, जेवलं का. काम होऊ द्या म्हणणारी एकही मला भेटलेली नव्हती. पण हे सगळं मागून सुचलं. तेव्हा फक्त खोटं ऐकू आलं आणि हात वर गेला, सहा आठवड्यांच्या सवयीने.

मास्तरांनी मान वर केली आणि हात पाहिला.

"सिस्टर, काही विचारायचंय का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

मी झटकन हात खाली घेतला. "नाही, नाही."

"तिला काही विचारायचं नाही," मास्तर म्हणाले. "तिला खोटं वाटलं. आमच्याकडं नियम आहे तसा."

पाळकसाहेब ओशाळून हसले. "असू द्या मास्तर, पुढे चला."

मास्तर पुढे गेले नाहीत. मी मनात म्हणत होते, मास्तर, जाऊ द्या, माझी चूक झाली, पुढचं वाक्य म्हणा. त्यांनी हात पुढे घेतले, कुठे ठेवावेत हे कळत नसल्यासारखे, आणि त्या जागेपासून पुन्हा सुरुवात केली.

"सगुणा असं म्हणाली नाही. तिनं विचारलं, सुवार्ताला तार केली का? मी म्हणालो, केली. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, निघाली का? मी म्हणालो, निघाली. तार मी केलीच नव्हती. पोस्ट इथनं दोन मैल. पहिलीच तुकडी होती. माझ्या पोरीमुळं शिबिर मोडलं असं कुणी म्हणायला नको होतं मला. सगुणा दाराकडं बघत गेली. पोरीला मी महिन्यानं कळवलं, आणि पत्रात लिहिलं, आईनंच नको म्हटलं होतं. तेच मग सगळीकडं सांगत आलो. शांती मिळाली म्हणून सांगत आलो. मिळाली नाही."

कमिटीतल्या एका बाईंनी पदर तोंडाला लावला.

"मास्तर," पाळकसाहेब अगदी हळू म्हणाले, "मग आता तुम्ही केनियाला कशासाठी निघालाय?"

आम्हाला सगळ्यांना कळलं की एवढं म्हटलं की पुरे, शिबिरासाठी. एक शब्द. पाळकसाहेबांनाही तोच ऐकायचा होता, त्यांनी तो जवळजवळ मास्तरांच्या तोंडात घातला होता.

"पोरीला हे सांगायला," मास्तर म्हणाले. "शिबिर ही पोरं घेतील. तयार आहेत ती."

कमिटी व्हरांड्यात गेली. अर्ध्या तासाने पाळकसाहेब आले, त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की या वेळी पुढारी दुसरा जाईल. मंडळींनी पाठवायचं ते सेवेसाठी, खाजगी कामासाठी मास्तरांना पाठवता येणार नाही. पाळकसाहेब दुष्ट माणूस नव्हते. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, मला अजून ठरवता आलेलं नाही. मास्तरांनी मान डोलावली. बरं म्हणाले.

स्वयंपाकघरात ठकूबाईंना राहवलं नाही. "कशाला वो बोललाव, मास्तर? आठ वर्सं गप ऱ्हायलाव, आजच कशाला? आता परत कवा जानार तुमी?"

"पोरांनी सहा आठवडे माझ्यासमोर हात वर केले, ठकूबाई. माझ्या वेळेला खाली घ्या म्हणू?"

मी त्यांना गाठलं तेव्हा ते नदीवर दगडावर बसून कापडी बूट घासत होते. मी माफी मागायला गेले होते आणि नुसतीच रडत उभी राहिले.

"माझा हात उगाच..."

"उगाच नाही. बरोबर जागी गेला," ते म्हणाले. "किती मंडळ्यांत सांगितलं मी हे. कुणाचाच गेला नव्हता." मग बूट उन्हात ठेवून म्हणाले, "सुवार्ताकडं जाशील ना? तिला एवढंच सांग, आईनं विचारलं होतं. दोनदा. बाकी काही सांगू नको. माझ्यातर्फे काही मागू नको."

खिशातला पासपोर्ट त्यांनी काढला नव्हता. ओल्या हाताने ते खिसा चाचपत होते.

ऑगस्टात आम्ही गेलो. शिबिरं चांगली झाली. तिकडची मुलं आमच्या ताटाकडे बघायची आणि आम्ही तो गोळा मिटक्या मारत खायचो. एका दुपारी मी लोणच्याची बरणी घेऊन सुवार्ताच्या शाळेत गेले. डोंगराळ भाग, थंडी, ती स्वेटर घालून वर्गाबाहेर उभी होती. वडिलांसारखी उंच, खांद्यात तशीच किंचित वाकलेली. मराठी शब्द आठवून आठवून बोलत होती. चहा दिला. मी निरोप सांगितला, मास्तरांनी सांगितला होता तेवढाच, आणि तिने विचारलं तेव्हा बाकीचंही सगळं.



"म्हणजे आईनं मला बोलावलं होतं."

"हो."

"मी आठ वर्षं आईला माफ करत आले. रोज. तिला माझ्यापेक्षा शिबिर मोठं वाटलं म्हणून." ती कप गोळा करू लागली. "माझ्या आईला माफी कसली? तिचा काय दोष होता?"

मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली. "बाबांना सांगा, मी नाताळाला कार्ड पाठवत होते. आता पाठवणार नाही." लोणच्याची बरणी तिने ठेवून घेतली, एवढं खरं.

परत आल्यावर मी मास्तरांकडे लगेच गेले नाही. ड्यूटी आहे, आईचे गुडघे दुखतायत, अशा सबबी मी स्वतःला देत राहिले. मधल्या काळात मास्तरांनी मिशनचं आवार सोडलं होतं. कुणी सोडायला लावलं नव्हतं, पण ज्या साक्षीचा एवढा दाखला दिला ती अशी निघाल्यावर लोक जरा अवघडून वागायचे. ते मोहोपाड्याला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये कुपनं फाडायच्या कामाला लागल्याचं कळलं. मी गेले ती नाताळ उलटून गेल्यावर.

कामगारांच्या चाळीत एक खोली. हवेत औषधासारखा उग्र वास. मास्तर वाळले होते. तेच कापडी बूट. मला बघून त्यांना खरंच आनंद झाला. त्यांनी स्टोव्ह पेटवला, चहा केला, माझ्या आईचे गुडघे विचारले. फळीवर नाताळची कार्डं ओळीने उभी केलेली होती. मी ती मोजली. आठ. शेजारी एका कार्डाएवढी जागा पुसून मोकळी ठेवलेली. ते चहा गाळत असताना मी एक कार्ड हळूच उघडलं. आत दोनच शब्द होते, सुखरूप आहे, आणि खाली नाव. दुसरं उघडलं. तेच. मी पुढची उघडली नाहीत.

आम्ही समोरासमोर बसलो. त्यांनी काही विचारलं नाही. बशी हातात धरून वाट बघत राहिले, साक्षीच्या वेळी बसायचे तसे.

मी सुरुवात केली. शाळा सांगितली, थंडी सांगितली, स्वेटर सांगितला, लोणचं घेतलं ते सांगितलं. निरोप दिला तेही सांगितलं. मग मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

"खूप रडली मास्तर," मी म्हणाले. "म्हणाली, बाबांवर राग नाही. सविस्तर पत्र लिहिते म्हणाली. टपालाचं काय आहे, तिकडून यायला महिने लागतात..."

मास्तरांनी बशी खाली ठेवली. त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला. सावकाश, कोपरातून वाकून, खांद्यापर्यंत आला. मी बोलायची थांबले. नियमाप्रमाणे आता मला त्या जागेपासून पुन्हा सांगायचं होतं, पण मी समोरच्या कपाकडे बघत बसले.

हात खांद्याशी थोडा वेळ राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला.

"बरं," ते म्हणाले.

"मग?" असं त्यांनी विचारलं नाही. मी वाट पाहिली, पण विचारलं नाही. "चहा घे, निवला," म्हणाले.

निघताना मी चाळीच्या टोकाला वळून पाहिलं. दार उघडंच होतं. ते फळीकडे तोंड करून खाटेवर बसले होते, पाठ ताठ, आणि उजवा हात मांडीवर डाव्या हाताने दाबून धरला होता.